ताडपत्रीबरोबर तिची डागडुजीही शिकवावी

पावसापासून अंग, पीक आणि पाणी राखण्याची साधने भारतीय शेतकऱ्याला नवी नाहीत. कोकणात बांबूच्या कामट्या आणि पाने यांचे इरले होते, देशावर घोंगडे होते, आसामात जापी आणि मेघालयात क्नुप आजही दिसते. ही साधने फाटत, सडत, मोडत. परंतु ज्या हातांनी ती वापरली जात, त्याच हातांना त्यांची दुरुस्तीही ठाऊक असे. इरल्याचे गळके पान बदलण्यासाठी कोणाला बाजारात जावे लागत नसे. आज त्यांची जागा ताडपत्री, रेनकोट, गमबूट आणि शेततळ्याचा कागद यांनी घेतली आहे. ही साधने हलकी, टिकाऊ आणि बहुतेकांच्या आवाक्यातली आहेत. त्यांच्या प्रसारात शासकीय योजनांचा आणि विस्तार यंत्रणेचा मोठा वाटा आहे. मात्र वस्तू गावापर्यंत पोहोचली, तिच्या डागडुजीचे ज्ञान मागेच राहिले. ही उणीव वरवर किरकोळ भासली, तरी तिची किंमत मोठी आहे.

परतीच्या पावसात सोयाबीनची सुडी झाकलेली असते. ताडपत्रीला अंगठ्याएवढे भोक असले, तरी खोलगट भागात साचलेले पाणी त्याच जागेतून रात्रभर आत उतरते. सकाळी वरून सुडी कोरडी दिसते आणि आत दाणे काळवंडू लागलेले असतात. भुईमुगाच्या शेंगांबाबत धोका अधिक गंभीर आहे. ओलावा आणि ऊब एकत्र आली की बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिनसारखे विष तयार होऊ शकते. ते धुऊन किंवा वाळवून जात नाही. भातखाचरात गळक्या गमबुटाचे परिणाम थेट माणसाला भोगावे लागतात. कोकण, केरळ, दक्षिण गुजरात आणि अंदमान येथे पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आढळतात. प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातील जिवाणू पायाच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात. शेततळ्याचा कागद फाटला, तर पावसाळ्यात साठवलेले पाणी उन्हाळ्यापूर्वीच जमिनीत मुरते आणि त्याच्या भरवशावर लावलेली फळबाग ऐन वैशाखात उघडी पडते.

अशा वेळी शेतकरी काय करतो, हे विस्तार कार्यकर्त्यांना चांगले माहीत आहे. जवळच्या दुकानातून हाती येईल तो गोंद आणला जातो, ठिगळ दाबून बसवले जाते आणि पहिल्याच जोराच्या पावसात ते सुटून येते. त्यावरून ‘प्लास्टिकला काही चिकटत नाही’ असा निष्कर्ष निघतो. या निष्कर्षात अर्धेच सत्य आहे. प्लास्टिक ही एकच वस्तू नाही. एका प्रकाराला घट्ट धरणारा गोंद दुसऱ्यावरून सहज निखळतो. म्हणून ‘कोणता गोंद?’ या प्रश्नाच्या आधी ‘ही वस्तू कशाची आहे?’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. डागडुजीचे सारे शास्त्र या एका प्रश्नाभोवती फिरते.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. वस्तूच्या कडेचा नखाएवढा तुकडा कापून, साबणाचा थेंब घातलेल्या पाण्यात बुडवावा आणि त्याला चिकटलेले बुडबुडे बोटाने काढून टाकावेत. पॉलिथिन पाण्याहून हलके असल्याने तरंगते. पीव्हीसी जड असल्याने बुडते. बाजारातील बहुतेक निळ्या-काळ्या विणलेल्या ताडपत्र्या आणि शेततळ्याचे कागद पॉलिथिनचे असतात. ट्रकवरील जाड, रबरासारख्या लवचीक ताडपत्र्या आणि स्वस्त रेनकोट बहुधा पीव्हीसीचे असतात. ओळख पटवण्यासाठी तुकडा जाळून पाहण्याची पद्धत काही ठिकाणी रूढ आहे; ती सोडून द्यावी. पीव्हीसी जळताना निघणारा आम्लयुक्त धूर फुप्फुसांना घातक असतो.

पीव्हीसीची दुरुस्ती तुलनेने सोपी आहे. पीव्हीसीसाठीचा द्रावकयुक्त गोंद पृष्ठभाग किंचित विरघळवतो आणि ठिगळ व मूळ कापड एकजीव होतात. मात्र ठिगळही पीव्हीसीचेच असावे लागते. रेनकोट नायलॉनचा असून त्याला आतून लेप दिलेला असेल, तर तो बहुधा शिवणीत गळू लागतो. आतील पट्टी सुटलेली असल्यास लेपाशी जुळणारा लवचीक पॉलियुरेथेन गोंद शिवणीवर पातळ पसरून एक दिवस वाळू द्यावा.

गमबुटाचे नाव मात्र फसवे आहे. ‘गम’ म्हणजे रबर, पण आज शेतात दिसणारे बरेचसे गमबूट पीव्हीसीचे असतात. सायकलच्या पंक्चरचे सोल्युशन खऱ्या रबरी बुटावर उत्तम काम करते. भोकाभोवतीची जागा पॉलिश पेपरने खरखरीत करावी, बुटावर आणि ठिगळावर पातळ थर द्यावा, बोटाला ओला लागेनासा होईपर्यंत थांबावे आणि मग जोराने दाबावे. घाईने ओल्यावरच ठिगळ बसवणे ही येथील नेहमीची चूक होय. पीव्हीसी बुटात मऊपणासाठी घातलेले तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येते आणि पंक्चरचे सोल्युशन सैल करते. अशा बुटाला लवचीक पॉलियुरेथेन गोंद अधिक काळ धरतो.

खरी अडचण पॉलिथिनची आहे आणि शेतात सर्वाधिक वापर त्याचाच आहे. मेणचट पृष्ठभागावर पाणी जसे पसरत नाही, तसा पॉलिथिनवर गोंदही पसरत नाही. त्याच्या पृष्ठभागाला इतर पदार्थ धरून ठेवण्याची ओढच अल्प असते. झटपट चिकटणारे गोंद, लाकडाचा गोंद, पंक्चरचे सोल्युशन हे सारे येथे निरुपयोगी ठरतात. ताडपत्रीच्या लहान भोकांसाठी ब्यूटाइल रबराची चिकटपट्टी हा व्यवहार्य उपाय आहे. छपराची गळती थांबवण्यासाठी ती हार्डवेअरच्या दुकानात मिळते. पट्टी भोकाच्या चारही बाजूंनी किमान 5 सेंटिमीटर पुढे जावी, तिचे कोपरे गोल कापावेत आणि शक्य असल्यास ती दोन्ही बाजूंनी लावावी. चौकोनी कोपरा आधी उचलतो आणि तेथूनच ठिगळ सुटू लागते. मोठी फाट असेल, तर उष्णतेने जोडण्यास पर्याय नाही. ते काम हीट गन आणि दाबाचा रोलर वापरणाऱ्या सरावलेल्या हातांनी व्हावे. विणलेल्या ताडपत्रीवर उघडी ज्योत किंवा तापलेली इस्त्री टेकवली, तर पट्ट्या आक्रसतात आणि भोक वाढते.

शेततळ्याच्या बाबतीत दुरुस्तीपूर्वी गळतीची खात्री करणे आवश्यक आहे, कारण उन्हाळ्यात बाष्पीभवनानेही पातळी उतरते. पाणी भरलेली बादली तळ्याच्या पाण्यात काठाजवळ पक्की ठेवावी आणि चार-पाच दिवस दोन्ही पातळ्या मोजाव्यात. बादलीपेक्षा तळ्याची पातळी अधिक उतरली, तर गळती आहे असे समजावे. उतरणारी पातळी एका उंचीवर येऊन मंदावली, तर भोक बहुधा त्याच रेषेत असते. ठिगळ नेहमी पाण्याच्या बाजूने लावावे, म्हणजे पाण्याचा दाबच ते जागेवर धरून ठेवतो. अस्तराच्या ओल्या उतारावर पाय ठरत नाही आणि अशा तळ्यांत बुडून माणसे दगावल्याच्या घटना वारंवार घडतात. म्हणून कमरेला दोर आणि काठावर दुसरा माणूस असल्याखेरीज कोणीही उतारावर उतरू नये.

साहित्य कोणतेही असो, पूर्वतयारी सारखीच असते. जागा साबणाने धुऊन पूर्ण वाळवावी, तेलकटपणा स्पिरिटने पुसावा आणि गोंद उघड्या हवेत, विस्तवापासून दूर वापरावा. या गोंदांची वाफ ज्वलनशील असते आणि बंद खोलीत ती डोक्यात जाते. डबे मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवावेत.

डागडुजीचा आग्रह धरताना तिच्या मर्यादाही तितक्याच ठामपणे सांगितल्या पाहिजेत. घडी घालताच तडकणारी किंवा हाताला भुकटी लागणारी ताडपत्री उन्हाने आतून जीर्ण झालेली असते. तिला ठिगळ लावले, तर ठिगळाच्या कडेला ती पुन्हा फाटते. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. पावसासाठी दुरुस्त केलेला रेनकोट आणि ठिगळाचे हातमोजे कीटकनाशक फवारणीसाठी वापरू नयेत. पाणी अडवणारे ठिगळ कीटकनाशकातील द्रावकही अडवीलच असे नाही. उलट तो द्रावक गोंद मऊ करून आत झिरपू शकतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेत शेतकऱ्यांचे व शेतमजुरांचे बळी गेले. कीटकनाशके नियम, 1971 मध्ये संरक्षक कपड्यांची तरतूद आहे. फवारणीचे फाटलेले हातमोजे आणि पोशाख बदललेच पाहिजेत. तेथे काटकसर जिवावर बेतू शकते.

नवी ताडपत्री स्वस्त मिळत असताना एवढा खटाटोप कशासाठी, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप अगदीच निराधार नाही. जुने टाकून नवे घेणे कधी शहाणपणाचे असतेही. परंतु ताडपत्री फाटते ती वादळी संध्याकाळी, दुकान बंद असताना. त्या वेळी घरातील ब्यूटाइल पट्टीचा तुकडा उद्याच्या नव्या ताडपत्रीहून मोलाचा ठरतो. शेततळ्याचा कागद तर वारंवार बदलण्याजोगा नसतोच. शिवाय टाकलेल्या ताडपत्र्यांचे पुढे काय होते, हे प्रत्येक बांधावर दिसते. काही मातीत मिसळतात, काही जाळल्या जातात. एक हंगाम वाढलेले आयुष्य म्हणजे एका हंगामाचा कमी झालेला कचराही होय.

यासाठी नव्या योजनेची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही. देशात सातशेहून अधिक कृषी विज्ञान केंद्रे आहेत आणि खरीपपूर्व मेळावे दरवर्षी होतात. बियाणे आणि बीजप्रक्रिया यांच्या जोडीला त्यात एक तास डागडुजीच्या प्रात्यक्षिकाला द्यावा. शेतकऱ्यांनी स्वतःच्या फाटक्या वस्तू आणाव्यात, पाण्यात तुकडा टाकून त्या ओळखाव्यात आणि तेथेच दुरुस्त करून घरी न्याव्यात. अवजारे बँकांनी एक हीट गन आणि रोलर ठेवला, तर गावातील तरुणांना किंवा बचत गटांना त्यावर लहानसा व्यवसायही उभा करता येईल. शेततळ्याचे अस्तरीकरण करून घेताना त्याच कागदाचा एक-दोन मीटरचा तुकडा आणि ठरावीक काळातील दुरुस्तीची हमी करारात लिहून घेण्याचा सल्ला विस्तार कार्यकर्त्यांनी आवर्जून द्यावा. उत्पादकांनीही वस्तूवर तिचे साहित्य आणि योग्य गोंद मराठीसह स्थानिक भाषांत छापावा. त्याला फारसा खर्च येत नाही.

साधन वाटप झाले की विस्ताराचे काम संपले, असे मानण्याची सवय जुनी आहे. ते साधन तिसऱ्या पावसाळ्यातही कामाला येते का, ही त्या कामाची खरी कसोटी आहे. ज्येष्ठाच्या पहिल्या सरीपूर्वी घराघरांत ताडपत्री उलगडून उन्हाकडे धरली गेली आणि दिसलेले प्रत्येक भोक त्याच दिवशी योग्य ठिगळाने बुजले, तर ऐन सुगीतील रात्रीची धावपळ पुष्कळ कमी होईल.