मेलरची सेटिंग कोणाच्या हाती?



मेल म्हटले की रेल्वे कामगाराला गाडी दिसते आणि टपाल कामगाराला थैली. आज आम्ही तिसऱ्याच एका मेलविषयी लिहीत आहोत. संगणकाच्या बुलेटिन बोर्डांवर ‘मेलर’ नावाचा एक प्रोग्रॅम असे. काही हौशी मंडळींकडे तो आजही चालतो. या मेलरमध्ये नवी सोय आली की ती कशी बसवायची, जुने काय चालू ठेवायचे आणि चूक झाली तर भुर्दंड कोणावर पडू द्यायचा नाही, याची एक रीत त्या लोकांनी घालून घेतली होती. आपल्या दोन्ही खात्यांत दर महिन्याला नवे ॲप येते आहे. अशा वेळी ती रीत माहीत असलेली बरी, म्हणून हा प्रपंच.

विषय परका वाटला तरी वाचकांनी पान उलटू नये. ज्यांनी सॉर्टिंगच्या टेबलाशी किंवा केबिनमध्ये वर्षे काढली त्यांना यात अनोळखी फारसे काही नाही. नावे तेवढी इंग्रजी आहेत.

पहिला संगणकीय बुलेटिन बोर्ड अमेरिकेत शिकागो येथे फेब्रुवारी १९७८ मध्ये वॉर्ड ख्रिस्टेन्सन व रँडी स्यूस यांनी सुरू केला. एक संगणक, एक टेलिफोन लाइन आणि मध्ये मोडेम. बाहेरच्या माणसाने फोन लावायचा, फलकावरचे वाचायचे, आपले चार शब्द लिहायचे आणि लाइन सोडायची. लाइन एकच, म्हणून एका वेळी माणूसही एकच. अडचण अशी की एका शहरातल्या फलकावर लिहिलेले दुसऱ्या शहरातल्या माणसाला वाचायचे तर लांबच्या कॉलचे पैसे मोजावे लागत. १९८४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्ज यांनी तोड काढली. दिवसभराची पत्रे एका जागी जमवून ठेवायची आणि रात्री टेलिफोनचे दर उतरले की एका संगणकाने दुसऱ्याला फोन करून ती थैली पोचवून यायची. या जाळ्याचे नाव फिडोनेट. रात्री अकरानंतर पाव दराने एसटीडी मिळे म्हणून बूथबाहेर रांगेत उभे राहिलेल्या आपल्या लोकांना यातले मर्म सांगायला नको. १९९०च्या दशकाच्या मध्यावर या जाळ्यात जगभरचे तीस हजारांहून जास्त बोर्ड होते आणि ते चालवणारे बहुतेक जण पदरचे पैसे घालत होते.

पत्त्याची पद्धत पाहा. ‘२:२०१/१’ असा पत्ता असेल तर पहिला आकडा झोनचा, म्हणजे युरोपचा. मधला त्या झोनमधल्या नेटचा आणि शेवटचा त्या नेटमधल्या एका बोर्डाचा. आपल्या पिनकोडचीच ही चुलत बहीण. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, म्हणजे फिडोनेटच्या बारा वर्षे आधी. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन वाटपाच्या टपाल कार्यालयाचे. वेलणकरांचे नाव आपल्या तरुण सॉर्टरांना क्वचितच ठाऊक असते, म्हणून मुद्दाम लिहिले.

आता मेलरचे काम. फोन वाजला की आधी मेलर उचलतो. पलीकडे माणूस असेल तर त्याला आत बोर्डाकडे सोडतो. पलीकडे दुसरा मेलर असेल तर दोघे आपापला पत्ता सांगतात, ठरलेला परवलीचा शब्द तपासतात आणि थैल्यांची अदलाबदल करतात. दारावर बसतो म्हणून एका प्रसिद्ध मेलरचे नावच ‘फ्रंटडोर’ होते. कोणते पत्र लगेच फोन करून पाठवायचे, कोणते वेळापत्रकाप्रमाणे जाऊ द्यायचे आणि कोणते पलीकडचा न्यायला येईपर्यंत धरून ठेवायचे, हे प्रत्येक पत्रावर शिक्का मारल्यासारखे ठरलेले असे. धरून ठेवायच्या पत्रांचा प्रकार म्हणजे आपले पोस्ट रेस्टाँट.

हे सर्व सेटिंगवर चाले. ‘बिंक्लेटर्म’ नावाच्या मेलरची सेटिंग साध्या मजकुराच्या फाइलीत असे. कोणत्या वेळी काय करायचे याची फाइल वेगळी. किती वाजता फोन लावायचे, किती महागडा कॉल चालेल, नंबर लागला नाही तर किती वेळा प्रयत्न करून थांबायचे, हे सगळे त्यात लिहिलेले. आमच्या सिग्नल व टेलिकॉम खात्यातल्या एका तरुण सहकाऱ्याने युनियनच्या खोलीत दोन जुने संगणक जोडून ही करामत आम्हांला दाखवली. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, प्रोग्रॅम लिहिणे आमच्या आवाक्यातले नाही. पण ती फाइल मात्र समजली. वर्किंग टाइमटेबल वाचणाऱ्याला ती समजेल. आमच्या मते खरी गोष्ट इथेच आहे. सेटिंग उघड्यावर होती, वाचता येत होती आणि जो बोर्ड चालवी त्याच्याच हातात होती.

मालक जो तो आपापल्या बोर्डाचा होता, पण एक बंधन सर्वांना होते. दिवसातला एक तास टपालासाठी राखून ठेवायचा. त्या तासात माणसांना बोर्डावर घ्यायचे नाही, लाइन मोकळी ठेवायची आणि ज्या मेलरचा फोन येईल त्याची थैली घ्यायची. उत्तर अमेरिकेच्या झोनसाठी हा तास जागतिक वेळेप्रमाणे ९ ते १०, म्हणजे न्यूयॉर्कला हिवाळ्यात पहाटेचे ४. युरोपसाठी अडीच ते साडेतीन. उन्हाळ्यात घड्याळे पुढे सरकली की प्रत्येकाने आपल्या मेलरची वेळ तपासून घ्यायची, नाहीतर आपण झोपलेले आणि शेजारी दार ठोठावतो आहे अशी गत. रेल्वेवाल्यांनी याला ब्लॉक म्हणावे. ब्लॉकच्या वेळेत दुसरे काही चालवायचे नाही हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

चुकीचा भुर्दंड कोणाला पडतो तेही त्यांनी लवकरच पाहिले. सुरुवातीच्या काळात नंबरांच्या यादीत एखादा नंबर चुकीचा शिरे. मग मध्यरात्री देशभरचे संगणक एखाद्या भलत्याच घरी फोन लावत बसत. घरच्याने झोपेतून उठून फोन उचलावा तर पलीकडे माणूसच नाही, नुसती शिटी, आणि ठेवला की पुन्हा घंटा. त्या बिचाऱ्याला फिडोनेट म्हणजे काय हेही ठाऊक नसायचे. यातून शहाणपण आले. नंबर यादीत घालण्याआधी तो तपासायचा आणि मेलरमध्ये प्रयत्नांना मर्यादा घालायची. मर्यादा संपली की तो नंबर बंद, मग माणसाने लक्ष घातल्याशिवाय मेलरने पुन्हा फोन करायचा नाही.

नव्या सोयींचा भाग त्याहून बोलका आहे. मेलर झपाट्याने सुधारत गेले. आधी एका बाजूने पाठवून झाले की दुसऱ्या बाजूने पाठवायचे. पुढे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी थैल्या पाठवण्याची सोय आली. ‘जॅनस’ व ‘हायड्रा’ ही त्या पद्धतींची नावे. १९९० च्या सुमारास ‘एम्सी’ नावाची ओळखपाळख करून घेण्याची नवी पद्धत आली. दुसऱ्याच्या बोर्डावरून फाइल मागवण्याची सोय आली, आणि तिच्या सेटिंगमध्ये कोणते कपाट उघडे आणि कोणते बंद हे नीट लिहिले नाही तर घरातली खाजगी कागदपत्रेही बाहेर जायची. परवलीचा शब्द बदलायचा तर दोन्हीकडे बदलावा लागे. एकाने बदलला आणि दुसऱ्याला कळवले नाही की थैल्या पडून.

इतके सगळे नवे येत असताना जाळे तुटले का नाही? कारण एक किमान नियम लिहून ठेवलेला होता. ‘एफटीएस-१’ या नावाने तो ओळखला जाई. रँडी बुश यांनी तो शब्दबद्ध केला. त्याचा अर्थ असा की तुमच्या मेलरमध्ये हव्या तितक्या नव्या सोयी घाला, पण पलीकडचा मेलर जुना असेल, त्याला एम्सी येत नसेल, तर जुन्या पद्धतीने त्याची थैली घेतलीच पाहिजे. नवी सोय दोघांना येत असेल तरच वापरायची. एखाद्या शाळकरी पोराच्या जुन्या संगणकासाठी श्रीमंताच्या नव्या यंत्राने एक पायरी खाली यायचे.

आता आपल्याकडे पाहू. आमच्या माहितीतल्या एका कार्यालयात रजेचे अर्ज कागदावरून ॲपवर गेले. मंजुरी देणाऱ्याच्या जागी सेटिंगमध्ये ज्या साहेबांचे नाव होते त्यांची बदली झालेली. अर्ज त्यांच्या नावावर जाऊन पडले. कर्मचाऱ्याच्या पडद्यावर ‘प्रलंबित’ एवढेच दिसे. कागदी अर्ज घ्यायला हेडक्लार्क तयार नाही, कारण कागद बंद झाल्याचे पत्रक आलेले. एका गेटमनच्या मुलीचे लग्न त्या प्रलंबित रजेत पार पडले आणि नंतर त्याच्यावर गैरहजेरीचा कागद निघाला. तो कागद मागे घ्यायला लावला हे खरे, पण चार खेपा घालाव्या लागल्या. सेटिंग कोणी केली, कोणत्या तारखेला केली, कोणी तपासली, यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर मिळाले नाही.

ग्रामीण डाक सेवकांचे गाऱ्हाणे याच जातीचे. रेंज नसेल तेव्हा नोंद यंत्रातच धरून ठेवायची आणि रेंज आली की पुढे पाठवायची, हे तंत्र चाळीस वर्षांचे जुने आहे. ते यंत्रात आहे का, असल्यास चालू आहे की बंद, हे त्या सेवकाला कोणी सांगत नाही. तो आपला यंत्र हातात धरून टेकडी चढतो.

प्रशासन म्हणेल, हौशी लोकांच्या खेळाशी लाखो कर्मचाऱ्यांच्या खात्याची तुलना कशाला? तुलना आम्हीही ताणत नाही. २०२५ साली टपाल खात्याने नवी संगणक प्रणाली देशभर बसवली तेव्हा टप्प्याटप्प्याने कार्यालयांचे व्यवहार एकेक दिवस बंद ठेवले. त्याबद्दल आमची तक्रार नाही. यार्डात सांधा बदलायचा तर ब्लॉक घ्यावाच लागतो. पण रेल्वेत सिग्नलचा माणूस गियरला हात लावण्याआधी डिस्कनेक्शन मेमो देतो, स्टेशन मास्तर त्यावर सही करतो, काम झाल्यावर तपासणी होते आणि मगच रिकनेक्शन. कोणी, किती वाजता, काय सोडले आणि काय जोडले, सगळे कागदावर. लोखंडाच्या सांध्याला हा नियम, आणि ज्या सेटिंगवर माणसाचा पगार, रजा आणि ड्यूटी ठरते तिला नियम नाही, हे कसे?

फिडोनेटची आरती ओवाळण्याचा मात्र आमचा विचार नाही. तिथली एक उणीव कामगाराच्या नजरेतून सुटणार नाही. १९८९ च्या धोरणपत्राप्रमाणे तिथले समन्वयक बहुतांशी वरून नेमले जात. बोर्ड चालवणाऱ्या साध्या माणसाला मत नव्हते. साप्ताहिक यादीत नाव ठेवणे किंवा गाळणे समन्वयकाच्या हाती, आणि यादीतून नाव गेले की माणूस जाळ्याबाहेर. यावरून १९९०च्या दशकात पुष्कळ भांडणे झाली. यंत्राची सेटिंग खुली, पण माणसांची बंद. कॅनडातल्या सार्वजनिक कर्मचाऱ्यांच्या युनियनने १९८०च्या दशकात सोलिनेट नावाचे आपले जाळे उभारले, ते युनियनचे होते आणि सभासदांना जबाबदार होते. आपल्या देशात त्या वेळी बोर्ड चालवणेच अवघड. १८८५ चा तार कायदा डोक्यावर, आणि १९९०च्या दशकात दूरसंचार खात्याने बोर्डवाल्यांकडून लाखो रुपयांची वार्षिक लायसन्स फी मागण्याचा घाट घातला होता. हौशी माणसाने ती कुठून द्यायची?

येत्या पीएनएमसाठी आम्ही विषय पाठवला आहे तो असा. कर्मचाऱ्यांच्या रजा, ड्यूटी, पगार व पासशी संबंध असलेल्या कोणत्याही प्रणालीत नवी सोय चालू करताना तिची सेटिंग साध्या मराठी व हिंदीत लिहून नोटीस बोर्डावर लावावी; बदल करणाऱ्याचा हुद्दा, तारीख व वेळ यांची नोंदवही ठेवून ती मान्यताप्राप्त युनियनला पाहू द्यावी; आणि नवी सोय तीन महिने विनातक्रार चालेपर्यंत कागदी अर्ज घेणे बंद करू नये. टपालातील साथींनी हाच विषय आपल्या द्वैमासिक बैठकीत घालावा. तीन महिन्यांवर प्रशासन घासाघीस करील हे धरून आहोत. नोंदवहीवर आम्ही मागे हटणार नाही.

ज्या शाखांत ॲपच्या सेटिंगमुळे कोणाची रजा, पगार किंवा ड्यूटी अडली असेल त्यांनी तारीख, वेळ आणि पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा उतरवून शाखा सचिवांकडे द्यावा. पडद्याचा फोटो असल्यास उत्तम, नसल्यास हाताने लिहिलेले चालेल.