अर्ज कोणाच्या हस्ताक्षरात?

गेल्या आठवड्यात आमच्या एका वाचकबंधूंचे चार पानी पत्र आले. अक्षर वळणदार, मजकूर मात्र काळजीचा. त्यांचा थोरला मुलगा दोन वर्षांपूर्वी बी. कॉम. झाला. घराण्यातील तो पहिला पदवीधर. त्या दिवशी गावच्या ख्रिस्तमंदिरात आभाराची मिस्सा झाली, शेजारीपाजारी पेढे वाटले गेले. तेव्हापासून मुलगा घरीच आहे. त्याची मावशी भोपाळला टी. टी. नगरात असते, त्याला तिकडे पाठवावे काय, असा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न जाता जाता विचारावा तसा अगदी शेवटच्या ओळीत आहे. कोणी एक गृहस्थ तेथील सरकारी कचेरीत 'चिकटवून देतो' म्हणतात; त्यासाठी विहिरीजवळचे दोन एकर गहाण टाकावे काय?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते एकाच शब्दाचे आहे: नाही.

भोपाळचेच उदाहरण घ्या. मध्य प्रदेशात सरकारी नोकऱ्यांच्या आणि वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षा घेणारे व्यावसायिक परीक्षा मंडळ होते; लोक त्याला 'व्यापम' म्हणत. पैसे घेऊन तोतये परीक्षेला बसविणे, उत्तरपत्रिकांत फेरफार करणे असे प्रकार २०१३ साली उघडकीस आले. २०१५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने तपास सी. बी. आय.कडे सोपविला. २०१७ च्या फेब्रुवारीत त्याच न्यायालयाने २००८ ते २०१२ या काळात प्रवेश मिळविलेल्या ६३४ वैद्यकीय विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्द ठरविले. त्यांतील कित्येकांचे शिक्षण पुरे झाले होते. पैसे गेले, वर्षे गेली आणि नावावर डाग राहिला. शिवाय २०१८ च्या कायदादुरुस्तीपासून लाच घेणाऱ्याप्रमाणे देणाराही गुन्हेगार ठरतो. तेव्हा विहिरीजवळची जमीन आहे तेथेच राहू द्यावी, आणि त्या गृहस्थांना चहा पाजून निरोप द्यावा.

आता टी. टी. नगराविषयी. हे नाव तात्या टोपे यांचे. म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यातील येवल्यास जन्मलेल्या वीराचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, राजधानी भोपाळला आली, आणि सरकारी नोकरांसाठी ही वसाहत उभी राहिली. जुन्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर. विदर्भ मुंबई राज्यात गेला, तरी नागपुरातील कित्येक मराठी कारकून आपापल्या फायलींमागोमाग भोपाळला गेले, ग्वाल्हेर-इंदूरकडचेही आले. पुढे १९६३ मध्ये भोपाळचे महाधर्मप्रांत स्थापन झाले, तेव्हा तेथील पहिले आर्चबिशप युजिन डिसोझा हेही नागपूरच्याच आसनावरून तेथे गेले. त्या पिढीत पदवीधर माणूस विरळा होता, कचेऱ्या नव्या होत्या आणि जागा भरावयाच्या होत्या. मावशीच्या सासऱ्यांना कदाचित तशीच नोकरी मिळाली असेल, आणि 'भोपाळला गेले की काम होते' हा समज तेव्हापासून गावात चालत आला असेल. ते दिवस आता नाहीत. टी. टी. नगरातील जुन्या सरकारी घरांच्या कित्येक रांगादेखील स्मार्ट सिटीच्या योजनेत पाडल्या गेल्या आहेत.

मग मुलाने जावे की न जावे? जावे, पण मावशीच्या घरी पाटावर बसून जाहिरातीची वाट पाहण्यासाठी नव्हे. द्राक्षमळ्यातील मजुरांचा दृष्टान्त आपण सर्वांनी ऐकला आहे. दिवस कलला तरी रिकामे राहिलेले ते लोक मालकाला कोठे भेटले? बाजारात. कोणी काम दिले नाही हे खरे, पण ते घरी जाऊन निजले नव्हते. मालकाच्या औदार्यावर प्रवचने पुष्कळ होतात. त्या मजुरांच्या उभे राहण्यावर आम्ही अजून एकही ऐकलेले नाही.

बाजारात उभे राहणाऱ्याच्या हाती काहीतरी हत्यार हवे. मध्य प्रदेशात कारकून, लघुलेखक, संगणक चालविणारा अशा पदांसाठी २०१५ पासून 'सी. पी. सी. टी.' नावाच्या परीक्षेचे प्रमाणपत्र मागू लागले. तीत संगणकाचे ज्ञान, आकलन आणि गणित यांचे ७५ प्रश्न. शिवाय इंग्रजी व हिंदी टंकलेखन. उत्तीर्ण होण्यास मिनिटाला इंग्रजी ३० आणि हिंदी २० शब्दांची गती ठरविलेली. दिवसाला एक तास प्रामाणिकपणे बसणाऱ्यास हे अवघड नाही. आपल्या महाराष्ट्रातही लिपिक-टंकलेखकाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचे प्रमाणपत्र लागते. तेव्हा मुलाने ही विद्या गावाजवळच्या तालुक्यात शिकून मगच गाडीत बसावे. राज्य सरकारच्या जागांना बहुधा त्या राज्याच्या रहिवासाची अट असते. प्रत्येक जाहिरातीत ती आधी वाचावी. नाहीतर परीक्षा-शुल्काचे पैसे व्यर्थ जातात. खाजगी पेढ्या आणि दुकाने यांना मात्र गती हवी असते, दाखला नव्हे.

हिंदीविषयी थोडे अधिक लिहितो, कारण आपल्या मुलांची फसगत येथेच होते. लिपी एकच म्हणून आपल्याला हिंदी येतेच असे वाटते. टी. टी. नगरातील एका कचेरीत आमच्या ओळखीच्या तरुणाने अर्ज दिला. त्यात लिहिले होते, 'मेरा शिक्षण पूरा हुआ है और मैंने पिछली जगह राजीनामा दिया है.' साहेबांनी चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, 'किसको पढ़ाते थे? और झगड़ा किससे था?' हिंदीत शिक्षण म्हणजे शिकविणे, आणि राजीनामा म्हणजे तंट्यातील तडजोड. नोकरी सोडणे म्हणजे इस्तीफ़ा किंवा त्यागपत्र. आपला 'अभ्यास' तिकडे नुसता सराव होतो. आपली 'शिक्षा' तिकडे सन्मानाची, कारण ती विद्या. आणि आपली 'चेष्टा' तिकडे प्रयत्न ठरते, म्हणून कोणी 'मैं चेष्टा करूँगा' म्हणाला तर रागावू नये! तो तरुण बिचारा लाजून घरी आला. खरे सांगावयाचे तर तो अर्ज त्याने लिहिलाच नव्हता. मामांनी लिहून दिला होता, मामांना एका स्नेह्याने मजकूर सांगितला होता, आणि मुलाने खाली सही तेवढी केली होती. त्यामुळे प्रश्न आल्यावर कोणता शब्द चुकला हेही त्याला उमगले नाही. पुढे त्याने सहा महिने रोज एक हिंदी वर्तमानपत्र मोठ्याने वाचले, त्यातील एक बातमी संगणकावर उतरविली, आणि अर्ज स्वतः लिहू लागला. आज तो एका घाऊक औषधविक्रेत्याकडे हिशेब पाहतो. पगार मोठा नाही, पण तो घरी पैसे पाठवितो.

शिफारसपत्राचेही असेच आहे. मुले धर्मगुरूंकडे येतात आणि फादर लिहून देतात: मुलगा सुशील, चांगल्या घरचा, नियमाने मिस्सेला येणारा. यातील शब्दन् शब्द खरा असतो. परंतु कचेरीतील साहेबाला त्यावरून काय कळणार? त्याऐवजी मुलाने सहा महिने धर्मग्रामाच्या कचेरीत बसावे, नोंदवह्यांच्या याद्या संगणकावर उतरवाव्यात, सणाच्या वर्गणीचा हिशेब ठेवावा. गावात दूधसंस्था किंवा पतपेढी असेल तर तेथे विनामोबदला चार महिने खतावणी लिहावी. मग फादर किंवा संस्थेचे चिटणीस डोळ्यांनी पाहिलेले लिहू शकतील, की या मुलाने इतके महिने वह्या ठेवल्या आणि हिशेबात एका रुपयाची चूक निघाली नाही. अशा चार ओळी वशिल्याहून जड असतात, आणि त्यांच्यासाठी जमीन गहाण पडत नाही.

एक वाट आणखी आहे, पण फार थोड्या घरांत ती ठाऊक असते. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा. पूर्वी ती सोय कारागीर आणि अभियंते यांच्यापुरतीच होती. २०१४ च्या दुरुस्तीनंतर ती बी. ए., बी. कॉम. झालेल्यांनाही खुली झाली. २०१९ च्या नियमांत पदवीधर उमेदवाराला दरमहा किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरविले गेले. उमेदवारी संपल्यावर तेथेच नोकरी मिळेल असे वचन कायदा देत नाही. पण वर्षभर खऱ्या कचेरीत बसल्याचा दाखला हाती येतो, आणि दोन वर्षे घरी का होता हा प्रश्न पुन्हा कोणी विचारीत नाही.

मातांना एक विनंती. मुलगा पदवीधर झाला म्हणून त्याने दुकानात वजनकाटा धरू नये, लोक काय म्हणतील, असे आपल्यातील काहींना वाटते. नाझरेथच्या सुताराच्या घरचे आपण लोक. परमगुरुस्वामी पायस बारावे यांनी १९५५ मध्ये १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफाचा सण म्हणून नेमून दिला, तो करवत हाती असलेल्या संताचा. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या आपल्या श्रमविषयक विश्वपत्रात शिकून तयार झालेल्या पण काम न मिळालेल्या तरुणांच्या दुःखाचा मुद्दाम उल्लेख केला आहे. त्या दुःखाला घरच्या टोमण्यांची भर नको, तशी खोट्या प्रतिष्ठेचीही नको.

आता पुन्हा त्या पत्राकडे वळतो. वाचकबंधूंनी मुलाचे गुण, त्याची टक्केवारी, त्याचा स्वभाव सारे कळविले. पण चार पानांत मुलाची स्वतःची एकही ओळ नाही. त्याला हिशेब आवडतो की माणसांत बोलणे आवडते, भोपाळला जावयाचे त्याच्या मनात आहे की नाही, हे आम्हांस कळलेले नाही. तेव्हा पुढील पत्र चिरंजीवांनी लिहावे. अर्जाचा नमुना म्हणून हिंदीत लिहिले तर फारच उत्तम. तांबड्या शाईने दुरुस्त करून आम्ही ते उलट टपाली परत पाठवू.