मोटारींतील मुलाची खुर्ची

‘सुकर’ या विशेषणापासून ‘सौकर्य’ हें भाववाचक नाम सिद्ध होतें, हें आम्हीं पस्तीस वर्षें फळ्यावर लिहून दाखविलें. जें सहज करतां येतें तें सुकर, आणि त्या सहजपणाचें नांव सौकर्य. परंतु या शब्दाचें खरें मोल आम्हांस कळलें तें गेल्या वैशाखांत, चाकणच्या रस्त्यावर. आणि तेंही आमच्या चौदा महिन्यांच्या नातीच्या कपाळावर आलेल्या टेंगळामुळें.

हकीकत अशी. आमचें घर निगडीस, प्राधिकरणांत. मंचरास एका आप्ताच्या मुलाची मुंज होती आणि मुहूर्त सकाळीं दहाचा. चिरंजीव कारखान्यांत पाळीवर गेलेले. त्यामुळें गाडी सूनबाईनें चालवावी, मागें आजीनें नातीस घेऊन बसावें आणि आम्हीं पुढें बसावें, असा बेत ठरला. नातीसाठीं मुद्दाम घेतलेली खुर्ची, जिला बाजारांत ‘चाइल्ड सीट’ म्हणतात, ती डिकींत होती. सूनबाईनें ती काढून मागच्या आसनावर बसविण्याची खटपट केली. एक बाजू बसली, दुसरी बसेना. दहा मिनिटें गेलीं, पंधरा गेलीं. शेवटीं आम्हीच म्हणालों, “सूनबाई, राहूं दे आतां. मुहूर्त चुकेल. बसेल ती आजीच्या मांडीवर. आजवर सगळीं मुलें तशींच वाढलीं.”

चाकणच्या चौकाअलीकडे, जेथें कंटेनर आणि कारखान्यांच्या बसगाड्या यांची रांग सहसा तुटत नाहीं, तेथें पुढील मालमोटार एकाएकीं थांबली. सूनबाईनें ब्रेक दाबला. टक्कर झाली नाहीं. गाडीचा वेगही बेताचाच होता. तरी नात आजीच्या हातांतून सुटली आणि पुढच्या आसनाच्या पाठीवर आपटली. डॉक्टरांनीं तपासून चिंतेचें कारण नाहीं असें सांगितलें. मुंजही यथासांग झाली; पण त्या दिवशीं पंगतींतला घांस आमच्या घशाखालीं उतरला नाहीं. चूक आमचीच होती, हें येथें स्वच्छ लिहून ठेवतों.

आमचा विषय संस्कृत. तरी शाळेंत गणिताचे तास घ्यावेच लागत. त्या रात्रीं कागद घेऊन बसलों. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी एकदम अडली, तर आंतल्या मोकळ्या माणसास बसणारा धक्का सुमारें १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, पडल्याइतका असतो. अशा क्षणीं शरीरावर त्याच्या वजनाच्या पंधरा-वीस पट जोर येतो. १० किलोंचें मूल दीड-दोन क्विंटलांचें होऊन बसतें. आजीची माया कितीही मोठी असो, पण तिच्या हातांत दोन पोतीं तोलून धरण्याचें बळ कोठून येणार?

कायदाही हेंच सांगतो. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं जी दुरुस्ती झाली, तिच्यांतील कलम १९४-ब प्रमाणें चौदा वर्षांखालील मूल पट्ट्यानें अथवा अशा खुर्चीनें सुरक्षित केलेलें नसेल, तर गाडी चालविणारास १,००० रुपये दंड आहे. परंतु दंडाच्या धाकानें न बसणारी खुर्ची बसूं लागत नाहीं. वस्तु विकत घेतली, ती उत्तम आहे हेंही पटलें, आणि तरी ती डिकींत पडून राहिली, असें ज्या अर्थीं आमच्यासारख्या शिस्तीचा अभिमान बाळगणाऱ्या घरांत घडलें, त्या अर्थीं दोष केवळ शिस्तीचा नसावा.

पुढच्या रविवारीं आम्ही चिरंजीवांस घेऊन गाडीपाशीं बसलों. ते याच पट्ट्यांतील एका कारखान्यांत गाड्यांच्या आसनांचे आराखडे करतात. खुर्चीच्या बुडाशीं दोन पोलादी जबडे असतात. गाडीची गादी आणि पाठ यांच्या फटींत बसविलेल्या दोन आडव्या सळयांना ते पकडतात. या योजनेस ‘आयसोफिक्स’ असें म्हणतात. तिचें आंतरराष्ट्रीय मानक १९९९ सालीं ठरलें. सळई ६ मिलिमीटर जाडीची आणि दोन सळयांच्या मध्यांमधील अंतर २८० मिलिमीटर, हें माप ठरलेलें. मग इतकी खटपट कां पडावी? कारण, सळई असणें निराळें आणि ती हातास सांपडणें निराळें. आमच्या गाडींत ती फटींत इतकी खोल होती कीं, शोधतांना चिरंजीवांचें बोट सोललें. खुर्चीस पुढें कलूं न देणारा वरचा एक पट्टा असतो. त्याची कडी डिकींतील गालिच्याखालीं निघाली. डोकें टेकण्याची उशी मध्यें येत होती ती वेगळीच. चिरंजीव घाम पुसत म्हणाले, “बाबा, कागदावर हें सगळें बरोबर असतें.” आम्ही म्हणालों, “असेल. पण कागदास मूल कडेवर घेऊन वांकावें लागत नाहीं.”

सौकर्य ही मोघम गोष्ट नव्हे. तें मोजतां येतें. अमेरिकेंत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी एक महामार्ग-सुरक्षा संस्था आहे. ती २०१५ पासून गाड्यांना याच सौकर्याचे दर्जे देते. तिच्या कसोट्या अगदीं साध्या आहेत. सळई फटींत सुमारें दोन सेंटिमीटरांहून खोल नसावी. जबडा अडकविण्यास १८ किलोंहून अधिक जोर लागूं नये. सळईभोवतीं मोकळी जागा असावी. वरच्या पट्ट्याची कडी सहज सांपडेल अशा ठिकाणीं असावी, आणि तिच्याजवळ तशीच दिसणारी दुसरी कडी नसावी. यांत एकही गोष्ट अशी नाहीं, जी आमच्या औद्योगिक पट्ट्यांतील कारागिरांस अवघड वाटावी.

किंबहुना हा पट्टा या बाबतींत मागें आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चांचणींत २०१८ सालीं टाटांच्या नेक्सॉन गाडीस मोठ्यांच्या रक्षणाबद्दल पांच तारे मिळाले, पण मुलांच्या रक्षणाबद्दल तीनच. पुढें ऑक्टोबर २०२२ मध्यें चाकणांत तयार होणाऱ्या फोक्सवॅगन टायगुन आणि स्कोडा कुशाक या गाड्यांनीं दोन्ही विषयांत पांच तारे मिळविले. २०२३ सालीं ‘भारत एनकॅप’ ही आपली सरकारी परीक्षा सुरू झाली. डिसेंबरांत तिचा पहिला निकाल लागला, त्यांत टाटांच्या पुण्याच्या कारखान्यांतील हॅरियर आणि सफारी या गाड्याही तशाच उत्तीर्ण झाल्या. या परीक्षेंत मुलांच्या रक्षणास ४९ गुण असून त्यांतील १२ गुण खुर्ची गाडींत नीट बसते कीं नाहीं, याचे आहेत. आम्हीं जन्मभर पेपर तपासले; म्हणून सुचवितों कीं, निष्णात परीक्षकाच्या हातून खुर्ची बसणें हा तृतीय वर्ग समजावा, आणि घाईंत असलेल्या आईच्या किंवा चष्मा विसरलेल्या आजोबांच्या हातून बसणें हा प्रथम वर्ग.

आपल्या एकत्र कुटुंबांच्या कांहीं गरजा तर स्वतंत्र आहेत. गाडीच्या मागच्या आसनावर एका कडेस खुर्ची बसली कीं मधली जागा आजीकडे येते. सबब त्या जागेसही खांद्यावरून येणारा पूर्ण पट्टा हवाच. पट्ट्याचें बक्कल ताठ उभें राहणारें असावें. तें खुर्चीखालीं गडप झालें कीं म्हाताऱ्या बोटांस सांपडत नाहीं. सळईच्या तोंडाशीं नरसाळ्यासारखी रुंद खोबण असावी आणि तिच्यावर मुलाचें ठळक चित्र असावें. मागचें दार जवळजवळ काटकोनांत उघडावें. तें मुलासाठीं सोयीचें, तसेंच आमच्या गुडघ्यांसाठींही. तान्ह्या मुलाचें डोकें शरीराच्या मानानें जड आणि मान कोवळी असते, म्हणून त्याच्या खुर्चीचें तोंड मागें ठेवतात. त्यायोगें धक्का सगळ्या पाठीवर वांटला जातो. अशा खुर्चीस पुरेल इतका पट्टा लांब असावा. ती पुढच्या आसनावर, चालू एअरबॅगेसमोर, कदापि ठेवूं नये. एअरबॅग जोरानें फुगून खुर्चीवर आदळते आणि मुलाच्या जिवावर बेतते. यासाठीं ती एअरबॅग बंद करण्याची सोय आणि तिची स्पष्ट सूचना गाडींत असलीच पाहिजे.

वाचकांकडेही आमचें एक मागणें आहे. गाडी पाहावयास जातां, तेव्हां रंग, पल्ला आणि हप्ता यांची चौकशी होते. त्याबरोबर घरांतील खुर्चीही दुकानांत न्यावी, आणि ती विक्रेत्यानें नव्हे, तर घरांतल्या दोघांतिघांनीं आपल्या हातानें बसवून पाहावी. न बसल्यास तसें तेथेंच सांगावें. गिऱ्हाईक जें विचारीत नाहीं, तें कारखानदार सुधारीत नाहीं. एकदां बसविलेली खुर्ची मग गाडींतून काढूं नये. आणि ‘जवळच तर जायचें आहे’ हें वाक्य वडीलधाऱ्यांनीं तरी उच्चारूं नये. आमचा अपघात घरापासून तासाभराच्या अंतरांतच झाला.

आतां खुर्ची गाडींत कायमची आहे. नात प्रथम पांच मिनिटें रडते, मग झोपते. मध्यंतरीं चिरंजीव एके दिवशीं ती खुर्ची सोडवून आपल्या कारखान्यांत घेऊन गेले आणि ज्यांनीं तशी वस्तु कधीं हाताळली नव्हती, अशा सहकाऱ्यांस त्यांनीं ती बसवावयास सांगितली. तेथें काय झालें तें कारखान्याचें गुपित. आम्हीं विचारलें नाहीं. रात्रीं जेवतांना ते एवढेंच म्हणाले, “बाबा, तुमचें म्हणणें टिपून घेतलें आहे.”

त्या मुंजींतील बटूस आम्ही मुहूर्ताच्या आधीं पांच मिनिटें पोंचलों होतों. पंधरा मिनिटें उशीर झाला असता, तर मंगलाष्टकें आमच्यावांचून झालीं असतीं, इतकेंच.