हंपीची बॅटरीगाडी आणि आमचा पायीपणाचा अहंकार

आपल्या मंडळाच्या हंपी सहलीच्या सूचनापत्रकात एक वाक्य वर्षानुवर्षे न चुकता छापले जाते : ‘ज्यांना चालणे शक्य नाही त्यांनी सहलीस येण्याचा आग्रह धरू नये.’ गेल्या खेपेस त्यावर कोणी हळूच विचारले, की विठ्ठल मंदिरापर्यंत तर आता बॅटरीची गाडी जाते ना? तेव्हा एका विद्वान सदस्यांनी उत्तर दिले, की हंपी गाडीतून पाहण्याची जागा नव्हे. ती पायांनी वाचावयाची पोथी आहे. सभेने टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्यांत मीही होतो, हे आधीच कबूल करतो. आज त्यांचे प्रायश्चित्त घ्यावे म्हणतो.

हुबळीहून गदग, कोप्पळ करीत होस्पेटला उतरले की तुंगभद्रेकाठचे हे इवलेसे गाव तेरा किलोमीटरांवर. विठ्ठल मंदिराकडे जाताना गेज्जल मंडपापाशी मोटारी थांबवाव्या लागतात. पुढचा सुमारे एक किलोमीटर चालावे, नाहीतर उघड्या बाजूंच्या, पांढऱ्या, गोल्फ मैदानावर धावतात तशा गाडीत बसावे. गाडी चालविणाऱ्यांत आसपासच्या खेड्यांतील स्त्रियाही आहेत. धुराने व धक्क्यांनी दगडांचे, विशेषतः महामंडपातील छप्पन्न खांबांचे नुकसान होऊ नये, म्हणून ही व्यवस्था. तेव्हा ‘गाडीने पावित्र्य बिघडते’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की ही गाडी मंदिराच्या दारात मोटारी येऊ नयेत म्हणूनच आली आहे.

आता पायी चालण्याच्या थोरवीविषयी. वारीचा दाखला आपल्याकडे हटकून दिला जातो. पण ज्ञानोबांच्या पादुका रथात असतात आणि त्या रथाला बैल जुंपलेले असतात, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. चालणारा वारकरी रथाला हसत नाही. त्याच्या चालण्यात नम्रता आहे. आमच्या चालण्यात गुडघे शाबूत असल्याची प्रौढी आहे.

या प्रौढीची किंमत कोण मोजतो, हे पाहावयाचे असेल तर माथेरानकडे पाहावे. तेथे मोटारींना बंदी, म्हणून सारे कसे निर्मळ, निवांत! शार्लट तलावाकाठी बसून त्या निवांतपणाची स्तुती करणारे लेख आपण सर्वांनी वाचले आहेत. पण त्या निवांतपणात चालू न शकणाऱ्या माणसाला दुसरी माणसे हातरिक्षात घालून लाल मातीच्या चढावरून ओढीत होती. 2022 मध्ये तेथे ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा ‘गावाचा स्वभाव बदलेल’ अशी ओरड झालीच. अखेर ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढण्यापेक्षा बॅटरीने ओढावे, हे ठरावयाला आपल्याला इतकी वर्षे लागली.

परदेशाचे उदाहरण दिले की आपले काही वाचक रागावतात. तरी एक देतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून दूर कॅटालिना बेटावर ॲव्हलॉन नावाचे बंदराचे गाव आहे. तेथे मोटारींच्या संख्येवर कडक मर्यादा आहे, त्यामुळे गावकरी आणि पाहुणे दोघेही गोल्फ कार्ट वापरतात. पाहुण्याला ती तासाच्या भाड्याने मिळते. हवे तेथे थांबावे, पाण्याकडे पाहावे, पुढे जावे.

आणि खरी गोम येथेच आहे. हंपीच्या गाडीवर माझाही आक्षेप आहे. फक्त तो विद्वान सदस्यांच्या नेमका उलट आहे. ती गाडी आहे म्हणून नव्हे, ती थांबत नाही म्हणून. वाटेत कुदुरे गोंबे मंडप येतो, पुष्करणी येते, जुन्या बाजाराच्या दगडी ओवऱ्यांची लांबच लांब ओळ येते. आणि ने-आण करणारी गाडी या सर्वांना मागे टाकून थेट दाराशी नेते. उतरलेली मंडळी पन्नासाच्या नोटेवरचा दगडी रथ ओळखतात, छायाचित्र काढतात आणि परतीच्या रांगेत उभी राहतात. (तो रथ म्हणजे गरुडाचे देऊळ, हे किती जणांना ठाऊक असते?) गाभारा रिकामा आहे, तिकडे कोणी फिरकतही नाही. पंढरीची मूर्ती कृष्णदेवरायांनी येथे आणली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत नेली, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली गेली. इतिहास काय म्हणतो तो म्हणो. पण कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या मराठी कुटुंबांना त्या रिकाम्या गाभाऱ्यासमोर क्षणभर उभे राहण्याचे कारण आहे. दोन्ही भाषा ज्याच्यावर हक्क सांगतात, असा दुसरा देव आपल्याजवळ कोठे आहे?

नेमके हेच कारण ज्यांना सर्वांत अधिक, त्यांनाच आपले सूचनापत्रक घरी बसविते. गेल्या खेपेस एक वृद्ध मावशी आग्रह धरून आल्याच. लहानपणी आजीकडून भानुदासांची गोष्ट ऐकलेली. सत्तर वर्षांनी ती जागा पाहावयाची होती. आम्ही त्यांना विरूपाक्षाच्या मंडपात सावलीत बसविले आणि नदीकाठच्या वाटेने कोदंडराम, पुरंदरदासांचा मंडप, राजाची तुला असे पाहात चालत विठ्ठल मंदिरी गेलो. परत आलो तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “गाभारा कसा आहे हो?” मोटारीने वळसा घालून त्यांना गेज्जल मंडपाशी नेणे आणि तेथून गाडीत बसविणे, यास अर्धा तास पुरला असता. कोणाला सुचले नाही. सुचले असते तरी पायीपणाच्या व्रतात ते बसले नसते.

नदीकाठची ती वाट मात्र गाडीसाठी कधीही रुंद करू नये. खडकांची, पायऱ्यांची ती वाट आहे तशीच राहावी. चालणाऱ्यांनी ती चालावी. ज्यांना शक्य नाही त्यांना पाण्याला पुरेसा उतार असेल तेव्हा हरिगोलातून नदी दाखवावी. गाडीला तिचा तो एक किलोमीटर पुरे आहे, पण त्या किलोमीटरावर वृद्धांसाठी तासाच्या भाड्याची, माणसाच्या चालीने जाणारी, सांगेल तेथे थांबणारी एखादी गाडी असावी, अशी विनंती मंडळाने संबंधित अधिकाऱ्यांना लेखी करावी. मसुदा मी करून देतो. मराठीत आणि कन्नडमध्येही.

तोवर आपल्या हाती आहे तेवढे करू. सूचनापत्रकातील ते वाक्य काढून टाकावे. एका दिवसात सारी हंपी उरकण्याचा हव्यास सोडून मुक्काम होस्पेटला करावा आणि एक संपूर्ण सकाळ विठ्ठल मंदिरासाठी ठेवावी. ऊन चढण्याआधी पहिल्या गाडीत ज्येष्ठांना बसवावे, सोबत दोन तरुण द्यावेत. बाकीच्यांनी, मी धरून, मागून चालत यावे.