शांत पाण्यावरील नाव

आमच्या शिवरे गांवाहून सातारा रस्त्यानें कापूरहोळास जावें व तेथून भोरच्या बाजूस वळावें, म्हणजे वाटेंत भाटघरचें धरण लागतें. वेळवंडी नदी अडवून विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत बांधलेल्या ह्या धरणास पूर्वीं लॉइड धरण म्हणत. आतां त्याच्या जलाशयास येसाजी कंक ह्यांचें नांव आहे. दोहों बाजूंस डोंगर आणि मध्यें निश्चल पाणी! तें पाहून नावेंत बसण्याची इच्छा कोणास होणार नाहीं? व्हावी, तींत गैर कांहींच नाहीं. परंतु समुद्रास लाटा असतात म्हणून तेथें भय, तळें शांत म्हणून तेथें निर्भय, ही जी समजूत आपल्या मनांत दृढ झालेली आहे, ती मात्र घातक होय.

१८ जानेवारी २०२४ रोजीं वडोदऱ्याच्या हरणी तलावांत शाळेच्या सहलीची नाव उलटली आणि १२ विद्यार्थी व २ शिक्षिका बुडून मरण पावल्या. वादळ नव्हतें, पूर नव्हता. नावेंत मर्यादेपेक्षां अधिक माणसें होतीं, आणि लाइफ जॅकेट सर्वांच्या अंगावर नव्हतें. तेव्हांपासून एक प्रश्न माझ्या मनांतून जात नाहीं. "आतां पुरे, उरलेलीं मुलें दुसऱ्या खेपेस," हें लहानसें वाक्य उच्चारणें व मानणें मोठ्या माणसांस इतकें अवघड कां व्हावें? मला वाटतें, ह्याचें मूळ तलावांत नसून सहलीच्या बेतांत असतें. पालकांस वर्गणी थोडी हवी, शाळेस एका दिवसांत पांच स्थळें दाखवावयाचीं, नावाड्यास खेप वांचवावयाची. तिघांचीही घाई शेवटीं मुलांच्या नावेंत येऊन बसते.

भार वाढला कीं नावेची कड पाण्याजवळ येते, आणि मग एका बाजूचा थोडा झोकही पुरतो. मुलें उभीं राहिलीं तर भार उंच जातो व नाव डगमगूं लागते. केरळांत थेक्कडी येथें ३० सप्टेंबर २००९ रोजीं दुमजली नौका कलंडून ४५ माणसें दगावलीं. वन्य पशू पाहावयास प्रवासी एकाच बाजूस लोटले, असें त्या वेळीं सांगण्यांत आलें. आज पशूंची जागा छायाचित्रानें घेतली आहे, इतकेंच.

वाऱ्याचीही गोष्ट ध्यानांत ठेवावी. २१ मे २०२४ रोजीं सायंकाळीं उजनीच्या जलाशयांत कुगांवाहून कळाशीकडे निघालेली नाव सोसाट्याच्या वाऱ्यांत सांपडून उलटली आणि सहा जण गेले. वळवाच्या दिवसांत नावेंत बसावयाचें तें सकाळीं. दुपारनंतर आकाश कसें पालटेल ह्याचा नेम नसतो. भाटघरास आणखी एक विशेष आहे. तेथील कांबरेश्वराचें देऊळ वर्षाचा बहुतेक काळ पाण्याखालीं असतें व उन्हाळ्यांत पाणी उतरलें म्हणजे उघडें पडतें. जेथें देऊळ बुडालें, तेथें खडक, बांध, खुंट हेही बुडालेले असणारच. म्हणून "तिकडे नको" असें स्थानिक नावाडी म्हणाला, तर शहरी पाहुण्यानें हट्ट धरूं नये.

ह्याच पाण्यावर नीरेच्या कालव्यांतून बारामती-फलटणकडील शेतें भिजतात. त्यांत तेल सांडणें, पिशव्या फेंकणें आणि ती शांतता भोंगे लावून फाडणें, ह्याला करमणूक म्हणणारांची मला कींव येते.

कांहीं पालक म्हणतात, सहलीच बंद करा. हें मत मला मान्य नाहीं. पाण्यापासून दूर ठेवलेलें मूल पुढें मित्रांबरोबर चोरून जातें, आणि तेव्हां त्याजबरोबर शहाणें माणूस कोणी नसतें. त्यास पोहणें शिकवावें, जॅकेटचे पट्टे स्वतः आवळावयास शिकवावें, आणि पोहतां येतें म्हणून जॅकेट टाळूं देऊं नये. भरलेल्या नावेंत पाय ठेवण्यास जो विद्यार्थी नकार देईल, त्यास वर्गांत कोणी भित्रा म्हणूं नये, ही जबाबदारी आम्हां शिक्षकांची.

पालकांनीं संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीं दोनच आंकडे विचारावे: नावेंत माणसें किती बसणार, आणि जॅकेटें किती आहेत? उत्तर न मिळाल्यास नावेपुरती संमति देऊं नये. मुलगा कांठावर बसून डबा खाईल.