पदवी झाली, आतां पहिलीचा वर्ग

आमच्या भाचीनें गेलीं दोन वर्षें आमच्याशीं मोकळेपणानें बोलणें टाकलें आहे. दिवाळीस फराळाचा डबा पाठविते, प्रकृतीची चौकशीही करिते. परंतु पूर्वीसारखी ओसरीवर घटकाभर बसत नाहीं. दोष आमचा आहे. तो या पानावर कबूल करण्याचें कारण इतकेंच कीं, तसाच दोष आमच्या वाचकांपैकीं दुसऱ्या कोणा वडीलधाऱ्याच्या हातून घडूं नये.

तिची कन्या २०२१ सालीं बी. ए. झाली. आळींतलीं पोरें भोवतीं जमवून त्यांच्याकडून अक्षरें गिरवून घ्यावयाचीं, हा तिचा शाळकरी वयापासूनचा नाद. प्राथमिक शाळेंत शिक्षिका व्हावें ही इच्छा त्यांतूनच आलेली. ‘आजोबा, डी. एल. एड. करूं कीं बी. एड.?’ असें तिनें आम्हांस विचारलें. आम्ही पडलों निवृत्त मास्तर. या विषयांत आमचा शब्द त्या घरांत प्रमाण. आम्हीं सांगून टाकलें, ‘बाळ, पदवीधर झालीस, आतां बारावी झालेल्या मुलींच्या बांकावर कशाला बसतेस? बी. एड. कर, पहिलीपासून दहावीपर्यंत सगळीं दारें उघडीं राहतील.’

हा सल्ला त्या वेळीं अगदींच निराधार नव्हता. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनें २३ ऑगस्ट २०१० रोजीं जी किमान पात्रता ठरविली, तींत पहिली ते पांचवीच्या शिक्षकास बारावीनंतरची दोन वर्षांची पदविका, आणि सहावी ते आठवीच्या शिक्षकास पदवीबरोबर ती पदविका किंवा बी. एड., अशी सर्वसाधारण वांटणी होती. पुढें २८ जून २०१८ च्या अधिसूचनेनें बी. एड. झालेल्यांनाही पहिली ते पांचवीस घेण्यास मुभा मिळाली. अट एवढीच कीं, नेमणुकीनंतर दोन वर्षांच्या आंत सहा महिन्यांचा एक पूरक अभ्यासक्रम पुरा करावा. आम्हीं ती अधिसूचना वाचली होती. परंतु तिजवर राजस्थानांत वाद चालू आहे, हें वर्तमान आमच्या दृष्टीस पडलें नाहीं, किंवा पडूनही आम्हीं तें मनावर घेतलें नाहीं.

पोरीनें दोन वर्षें घालून बी. एड. केलें. गुण चांगले मिळाले, घरांत पेढे वांटले गेले, आणि त्याच वर्षीं, ११ ऑगस्ट २०२३ रोजीं, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. राजस्थान उच्च न्यायालयानें ती अधिसूचना आधींच रद्द ठरविली होती. न्यायमूर्ती अनिरुद्ध बोस व सुधांशु धुलिया यांनीं तो निर्णय कायम केला. बी. एड. चें शिक्षण माध्यमिक व त्यावरील वर्गांसाठीं आहे, लहान मुलांस शिकविण्याची विद्या त्यांत नाहीं, आणि मुलांस घटनेनें दिलेला शिक्षणाचा हक्क म्हणजे चांगल्या शिक्षणाचा हक्क, असा त्या निकालाचा गाभा. पुढील एप्रिलांत न्यायालयानें खुलासा केला तो असा कीं, निकालापूर्वीं ज्यांची रीतसर नेमणूक झाली त्यांस धक्का नाहीं. आमची पोर त्यांत बसत नव्हती.

‘मामा, तुमच्या शब्दावर तिचीं दोन वर्षें गेलीं,’ असें भाची म्हणाली. यावर आम्ही काय बोलणार?

सहावी ते आठवीचा मार्ग तिला मोकळा होता, तो आम्हीं सुचविला. ती म्हणाली, ‘आजोबा, मला पहिलीच हवी.’ आणि जून २०२४ मध्यें तिनें डी. एल. एड. साठीं नांव घातलें. भाचीस तें फारच लागलें. मुलगी चोविशींत आलेली. पाहुणे पाहावयास येणार, तेव्हां ‘बी. ए., बी. एड. होऊन बारावीवरची पदविका’ असें कोणत्या तोंडानें सांगावें? पदविका ही पदवीच्या खालची पायरी. वर चढून मग खालीं कशासाठीं उतरावें, हा तिचा प्रश्न. खरें सांगावयाचें तर २०२१ सालीं आमच्याही मनांत हाच विचार होता. मुलीस आम्हीं सल्ला दिला तो अधिसूचनेच्या आधारानें कमी, या अभिमानानें अधिक.

वास्तविक आम्हांस तरी हें शोभणारें नव्हतें. आम्ही जुने मॅट्रिक. त्यावर दोन वर्षांचें डी. एड. करून मास्तर झालों. लहानपणीं संस्कृत शिकलेलें, अमरकोश तोंडपाठ, त्यामुळें पोरांस शिकविणें तें काय, अशी घमेंड. सरावपाठाच्या पहिल्याच आठवड्यांत वजाबाकी शिकवीत होतों. ‘दोनांतून सात जात नाहींत, म्हणून हातचा घेतला,’ असें म्हणून आम्हीं मूठ मिटली. पुढच्या रांगेंतला एक पोरगा उठला, जवळ आला, आमची मूठ उघडून पाहिली आणि म्हणाला, ‘गुरुजी, हातांत तं काईच नाई!’ मागें बसलेले आमचे अध्यापक हंसले नाहींत. पाठ संपल्यावर त्यांनीं पऱ्हाटीच्या काड्यांचे दहा-दहांचे गठ्ठे बांधावयास लावले. दशकाचा एक गठ्ठा सोडावा, त्याच्या दहा काड्या सुट्या दोहोंत मिळवाव्या, म्हणजे बारा झाल्या. आतां त्यांतून सात उचला. ‘हातचा’ ही जादू नसून सोडलेला गठ्ठा आहे, हें मुलाच्या बोटांस आधीं कळावें लागतें. तें सांगावयास अमरकोश उपयोगीं पडत नाहीं.

कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रां’त दोन नाट्याचार्यांचा कलह लागतो. तेथें परिव्राजिका म्हणते तें एवढेंच कीं, कोणी स्वतः कलेंत निपुण असतो, कोणी ती दुसऱ्यांत उतरविण्यांत निपुण असतो, आणि ज्याच्या ठायीं दोन्ही आहेत तो आचार्यांत अग्रणी. पदवी पहिल्या गुणाची साक्ष देते. दुसऱ्याची साक्ष वेगळी काढावी लागते.

भाचीच्या प्रश्नास याहून सरळ उत्तर एका बाईंच्या चरित्रांत आहे, आणि त्यांचा आमच्या वऱ्हाडाशीं संबंध आलेला आहे. ताराबाई मोडक १९१४ सालीं मुंबईच्या बी. ए. झाल्या. त्या काळीं पदवीधर स्त्री म्हणजे केवढी अपूर्वाई! विवाहानंतर कांहीं वर्षें त्या अमरावतीस होत्या. १९२३ सालीं त्या भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या आणि तीन-चार वर्षांच्या मुलांस कसें शिकवावें, हें पहिल्यापासून शिकल्या. १९४५ सालीं बोर्डीस गेल्या. पुढें कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांच्या अंगणांत शाळा नेली. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांचा क्रम तर उलटा: शिक्षिका आधीं, पदवी कितीतरी मागाहून. दोघींपैकीं वरची कोण आणि खालची कोण, हें कोणीं सांगावें?

आतां ज्यांच्या घरीं अशी मुलगी किंवा मुलगा आहे, त्यांच्यासाठीं पुढचा रस्ता थोडक्यांत सांगतों. पदविका झाली म्हणजे नोकरी मिळाली असें नाहीं. शिक्षक पात्रता परीक्षेचा पहिला पेपर उत्तीर्ण व्हावा लागतो: दीडशें प्रश्न, दीडशें गुण, उत्तीर्णतेस शेंकडा साठ, राखीव वर्गांस सवलत. यांतले तीस गुण बालमानसशास्त्राचे. या परीक्षेचें प्रमाणपत्र पूर्वीं सात वर्षें चाले; २०२१ पासून तें जन्मभर चालतें. त्यावर दोनशें गुणांची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चांचणी, आणि मग ‘पवित्र’ प्रणालींतून निवड. निवड झाली तरी पहिलीं तीन वर्षें शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावयाचीं. तें मानधन १ जानेवारी २०२३ पासून सहा हजारांचें सोळा हजार झालें, ही त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट. शिवाय २०२० च्या राष्ट्रीय धोरणानें २०३० पर्यंत चार वर्षांची एकत्रित पदवी हीच शिक्षकाची किमान पात्रता करण्याचें योजिलें आहे. म्हणून आज बारावींत असलेल्यांनीं तिकडे आधीं पाहावें, आणि आमच्यासारख्या निवृत्तांच्या ऐकीव ज्ञानावर न विसंबतां ताजी अधिसूचना स्वतः वाचावी.

आमचे मागून लागलेले सहकारीही यांतून सुटलेले नाहींत. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें, ज्यांची नोकरी पांच वर्षांहून अधिक उरली आहे, त्यांस ही पात्रता परीक्षा दोन वर्षांत द्यावयाची आहे. पन्नाशीचे गुरुजी बालमानसशास्त्राचीं टिपणें काढीत बसलेले आम्हीं पाहिले. दया येते, आणि थोडें हंसूंही येतें. आम्ही वेळेवर निवृत्त झालों!

पोर सध्यां दुसऱ्या वर्षास आहे. शाळेंतल्या आंतरवासितेवरून परततांना कधीं कधीं येऊन बसते. मागें सांगत होती, पहिलींतला एक मुलगा ‘बाई, मले पानी पायजे’ म्हणाला. आम्हीं विचारलें, ‘मग सुधारलेंस कीं नाहीं?’ ती म्हणाली, ‘नाहीं आजोबा, आधीं पाणी दिलं. घरची बोली तोडली तर तो बोलायचंच थांबेल. पुस्तकातली हळूहळू येईल.’ चाळीस वर्षें आम्हीं ‘मले’चें ‘मला’ करण्यांत घालविलीं. किती पोरें त्यामुळें गप्प बसलीं असतील, याचा हिशेब आम्हीं कधीं ठेवला नाहीं.

परवां ती काड्या बांधावयास सुतळी मागून घेऊन गेली. बुधवारीं तिचा वजाबाकीचा पाठ आहे. भाची दारापर्यंत आली होती. आंत आली नाहीं.