पाटी पुसायला हातोडा कशाला?

पाटीवरचं लिहिलेलं पुसायचं तर ओलं फडकं पुरतं. पाटी फोडून नवी आणावी असं कुणाला सुचत नाही, आणि सुचलंच तर घरी काय ऐकावं लागेल ते सांगायला नको. मोठमोठ्या कंपन्यांच्या सर्व्हर रूममध्ये मात्र हेच चालतं. चार-पाच वर्षं वापरलेल्या, ठणठणीत हार्ड डिस्क बाहेर काढायच्या, त्यांना ड्रिलने भोकं पाडायची किंवा श्रेडरमध्ये घालून चुरा करायचा आणि नष्ट केल्याचं प्रमाणपत्र फाइलला लावून मोकळं व्हायचं.

का, असं विचारलं की दोन उत्तरं येतात. पहिलं, 'आत ग्राहकांचा डेटा होता'. दुसरं, 'या डिस्क तशाही बाहेर कुठे चालत नाहीत'. यातलं पहिलं उत्तर अर्धवट आहे आणि दुसरं साफ चूक. आधी दुसरं घेतो, कारण ते जास्त हुशार वाटतं आणि म्हणूनच जास्त खपतं.

हार्ड डिस्क डेटा सलग लिहीत नाही. ती छोट्या ठरावीक तुकड्यांत लिहिते, त्या तुकड्याला सेक्टर म्हणतात. पीसीच्या जगात हा सेक्टर कित्येक वर्षं ५१२ बाइटचा होता. जानेवारी २०११ पासून डिस्क बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून ४,०९६ बाइटच्या सेक्टरकडे जायचं ठरवलं. तुमच्या लॅपटॉपला हे दोन्ही आकार कळतात.

मोठ्या स्टोरेज यंत्रणांनी मात्र वेगळा आकार वापरला, ५२० बाइट. आयबीएमच्या एएस/४०० मालिकेपासून नेटअ‍ॅपच्या यंत्रांपर्यंत अनेक ठिकाणी हा आकार दिसतो. काही ठिकाणी ५२२ आणि ५२८ सुद्धा आहेत. डेटा तेवढाच, ५१२ बाइट. उरलेले आठ बाइट म्हणजे वहीतला समास. मजकूर बरोबर उतरला आहे की नाही हे तपासण्यासाठी लागणाऱ्या खुणा त्या समासात लिहायच्या.

अशी डिस्क भंगारातून कुणी विकत घेतली आणि लिनक्सच्या मशिनला जोडली तर काय होतं? लिनक्स तिचं नाव ओळखतं, मॉडेल ओळखतं, मग 'हा सेक्टर आकार चालत नाही' अशा अर्थाचा एक संदेश लिहितं आणि डिस्कची क्षमता शून्य दाखवतं. आठ टीबीची डिस्क, आणि समोर शून्य! साहजिकच माणूस म्हणतो, मेली. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदारापासून कंपनीच्या आयटी विभागापर्यंत सगळ्यांची समजूत इथेच पक्की होते.

डिस्क मेलेली नसते. तिच्या वहीच्या रेघा वेगळ्या आखलेल्या असतात, एवढंच. आणि या रेघा पुसून नव्या आखता येतात.

सर्व्हरच्या सॅस डिस्क ज्या स्कझी भाषेत बोलतात, त्या भाषेचं पहिलं प्रमाण १९८६ सालचं आहे आणि 'फॉरमॅट युनिट' ही आज्ञा त्यात तेव्हापासून आहे. डिस्कला सेक्टरचा नवा आकार सांगायचा आणि मग ही आज्ञा द्यायची, की डिस्क स्वतःच सगळी पृष्ठं नव्याने आखायला घेते. लिनक्सवर 'एसजी३-युटिल्स' नावाचा फुकट, मुक्त संच मिळतो. त्यातला 'एसजी-फॉरमॅट' हा प्रोग्रॅम हे काम एका ओळीत करतो. यात काही जुगाड नाही, वॉरंटीशी खेळ नाही, फर्मवेअर फोडणं नाही. दार उघडायची किल्ली दारालाच लटकवलेली आहे. फक्त ती किल्ली आहे असं कुणी सांगत नाही.

नियम थोडे आहेत, पण ते पाळावेच लागतात. सॅस डिस्क घरच्या पीसीच्या साटा पोर्टला लागत नाही, तिला वेगळं कार्ड लागतं. तेही असं, की जे डिस्क लपवून स्वतः रेड चालवणार नाही, सरळ डिस्कशी बोलू देईल. डिस्कवर प्रोटेक्शन चालू असेल तर ते बंद करायचा पर्याय सोबत द्यायचा. आणि मग धीर धरायचा. आठ टीबीची डिस्क सेकंदाला सरासरी २०० एमबी वेगाने एकदा पूर्ण लिहायची म्हटली तरी ४०,००० सेकंद लागतात, म्हणजे अकरा तासांच्या वर. मध्येच वीज गेली तर डिस्क 'माझं फॉरमॅट बिघडलं आहे' अशी तक्रार करत बसते. अशा वेळी बहुतेक जण ती फेकून देतात. ती फेकायची नसते, तीच आज्ञा पहिल्यापासून पुन्हा द्यायची असते. आपल्याकडे लोडशेडिंग असलेल्या गावात हे करायचं तर आधी यूपीएस बघा, एवढाच त्याचा अर्थ.

आता एक गोष्ट माझ्याच बाजूच्या लोकांना सांगायची आहे. जुन्या डिस्क जमवणाऱ्या हौशी मंडळींमध्ये एक सूर असतो की ते आठ बाइट म्हणजे कंपन्यांची निव्वळ लबाडी, ग्राहकाला बांधून ठेवायचा डाव. मला हे पटत नाही. २००८ साली 'फास्ट' या परिषदेत एक अभ्यास मांडला गेला. नेटअ‍ॅप आणि दोन विद्यापीठांच्या संशोधकांनी मिळून १५ लाख ३० हजार डिस्कची ४१ महिन्यांची नोंद तपासली होती. त्यात चेकसम न जुळल्याच्या चार लाखांहून जास्त घटना सापडल्या. म्हणजे डिस्कने 'हा घ्या तुमचा डेटा' म्हणून जे हातात ठेवलं, ते लिहिलेल्यापेक्षा वेगळं होतं, आणि डिस्कला त्याचा पत्ताही नव्हता. हे पकडलं गेलं ते समासातल्या खुणांमुळे. नेटअ‍ॅपच्या पद्धतीत असे आठ सेक्टर मिळून ४,०९६ बाइट डेटामागे ६४ बाइट तपासणीसाठी राहतात. ही इंजिनिअरिंगची चांगली कामगिरी आहे आणि तिला लबाडी म्हणणं हा अडाणीपणा आहे.

म्हणून ५२० ची डिस्क ५१२ करणाऱ्याने समजून घ्यावं की त्याने समास कापला आहे. तपासणीची जबाबदारी आता वरच्या थरावर आली. झेडएफएस किंवा बीटीआरएफएससारखी फाइल सिस्टिम वापरा, ती स्वतःचे चेकसम ठेवते. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. हे करायचं नसेल तर जुन्या डिस्कवर लग्नाचे फोटो ठेवू नका.

आठ बाइट लबाडीचे नव्हते, पण त्यांच्या आडून जी चुप्पी पाळली जाते ती लबाडीची आहे. यंत्र विकताना शेकडो पानांचं मॅन्युअल देणारी कंपनी 'आयुष्य संपल्यावर ही डिस्क सर्वसाधारण वापराला कशी परत न्यायची' यासाठी एक पान देत नाही. ते पान दिलं तर जुनी डिस्क बाजारात येईल, आणि जुनी डिस्क म्हणजे नव्या डिस्कचं एक गिऱ्हाईक कमी. कोणती डिस्क कुठे चालेल हे पुष्कळदा विज्ञान ठरवत नाही, विक्री विभाग ठरवतो. सिनॉलॉजीचंच बघा. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यांनी आपल्या नव्या प्लस मॉडेलांमध्ये इतरांच्या डिस्कवर बंधनं घातली. ग्राहक खवळले आणि त्याच ऑक्टोबरमध्ये एका सॉफ्टवेअर अपडेटने ती बंधनं सैल झाली. डिस्क त्याच होत्या. बदलला तो निर्णय.

आता पहिलं उत्तर, 'आत डेटा होता'. ही भीती खोटी नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने मॉर्गन स्टॅन्लीच्या संपत्ती-व्यवस्थापन शाखेला साडेतीन कोटी डॉलरचा दंड केला. जुनी यंत्रं मोडीत काढायचं काम त्यांनी सामानाची ने-आण करणाऱ्या, डेटा पुसण्याचा काही अनुभव नसलेल्या कंपनीला दिलं होतं. ग्राहकांच्या माहितीसकट काही यंत्रं ऑनलाइन लिलावात पोचली. असं उदाहरण डोळ्यासमोर असताना कुठलाही व्यवस्थापक म्हणणारच, चुरा करा आणि विषय संपवा.

पण त्या प्रकरणातून शिकायचं काय? त्याच आदेशात नोंदवलं आहे की काही यंत्रांमध्ये एन्क्रिप्शनची सोय होती आणि ती वर्षानुवर्षं चालूच केली गेली नव्हती. चूक डिस्क शाबूत राहिल्याची नव्हती. डिस्क पुसली नव्हती, कुलूप असून लावलं नव्हतं आणि काम कुणाकडे दिलं हे कुणी बघितलं नव्हतं, ही चूक होती.

इथे एक फरक स्पष्ट ठेवायला हवा. सेक्टर बदलणं म्हणजे डेटा पुसणं नव्हे. फॉरमॅटवर विसंबून डिस्क बाहेर द्यायची नाही. पुसण्यासाठी स्कझीत 'सॅनिटाइझ' ही वेगळी आज्ञा आहे. ती संपूर्ण डिस्कवर पुन्हा लिहिते. डिस्क स्वतः एन्क्रिप्शन करणारी असेल तर आतली किल्लीच बदलून टाकते, आणि जुना डेटा कायमचा निरर्थक होतो. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेचं याविषयीचं मार्गदर्शन जगभर प्रमाण मानलं जातं. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत 'क्लिअर', 'पर्ज' आणि 'डिस्ट्रॉय' असे तीन मार्ग दिले आहेत, आणि 'पर्ज' म्हणजे प्रयोगशाळेतल्या साधनांनीही डेटा परत मिळणार नाही असं पुसणं. आपल्याकडचा २०२३ चा डेटा संरक्षण कायदा तर सुरक्षेत ढिलाई केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगतो. पण तोही काम संपल्यावर डेटा पुसा म्हणतो, डिस्क फोडा म्हणत नाही.

मग फोडतात का? कारण पुसायला वेळ लागतो, प्रत्येक डिस्कची नोंद ठेवावी लागते आणि 'हो, मी तपासलं' अशी कुणीतरी सही करावी लागते. फोडायला यातलं काही लागत नाही. मी जिथे काम करतो तिथे जुनी रॅक उतरवली तेव्हा हे जवळून बघितलं. चार टीबीच्या डिस्क होत्या, त्यांच्या तब्येतीचे आकडे उत्तम होते. पुसून, तपासून त्यातल्या दहा एका कॉलेजच्या लॅबला द्याव्यात असं मी लेखी सुचवलं. उत्तर एका ओळीचं आलं, 'पॉलिसीत बसत नाही'. धोका किती, पुसायला तास किती, यावर चर्चा झालीच नाही. दुसऱ्या आठवड्यात ड्रिल मशीन आलं. हा सुरक्षेचा निर्णय नव्हता, जबाबदारी टाळायचा होता.

आणि त्याची किंमत कोण मोजतं? २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा २०२४ चा अहवाल सांगतो. प्रत्येक हार्ड डिस्कमध्ये निओडिमियमचे जोरदार चुंबक असतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मीळ मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि आपल्याकडचे वाहन उद्योगवाले चुंबकांसाठी हवालदिल झाले. तेच चुंबक श्रेडरमध्ये घातले की त्यांचा भुगा लोखंडाच्या चुऱ्याला चिकटतो आणि वेगळा काढणं अवघड होऊन बसतं. एका हाताने टंचाईची ओरड करायची आणि दुसऱ्या हाताने आपल्याकडचं आहे तेही मातीत घालायचं.

सगळ्या डिस्क वाचवा असं मी म्हणत नाही. ज्या डिस्कवर खराब सेक्टर वाढत चालले आहेत ती जाऊ द्या. तीनशे जीबीची जुनी डिस्क आठ वॉट घेत असेल तर वर्षभर चालू ठेवायला सत्तर युनिट वीज खाते, तिचाही मोह नको. जी नीट पुसता येत नाही किंवा पुसल्याची खात्री करता येत नाही, ती खुशाल फोडा. सुक्याबरोबर ओलं जाळू नका, एवढंच मागणं आहे.

आणि वाट काढायला नवा कायदा लागत नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार मोठ्या ग्राहकांनी आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर किंवा रिसायकलरकडेच द्यायचा आहे. म्हणजे दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्याचं नाव नियमात आधीच आहे. आपण ते वगळून थेट चुरा करणाऱ्याकडे जातो.

हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण आयटीत आहेत, काही वर्षांत खरेदीच्या आणि मोडीत काढण्याच्या कागदांवर तुमच्या सह्या असतील. तेव्हा तीन गोष्टी करा. डिस्क घेतानाच स्वतः एन्क्रिप्शन करणारी घ्या आणि ते पहिल्या दिवशी चालू करा, म्हणजे शेवटी पुसणं काही क्षणांचं काम होईल. करारात लिहून घ्या की वापर संपल्यावर ५१२ किंवा ४,०९६ बाइटवर परत नेण्याची पद्धत विक्रेता देईल. आणि पॉलिसीत शब्दांचा क्रम बदला. आधी पुसा, मग तपासा, मग द्या, आणि यातलं काहीच जमत नसेल तर फोडा. आज बहुतेक ठिकाणी शेवटचा शब्द पहिला लिहिलेला आहे. तो खाली ढकलायला पैसे लागत नाहीत, मीटिंगमध्ये तोंड उघडावं लागतं.